सगे, सोयरे आणि डोंगरावरचा मांडव



मागच्या व्याख्यानात आपण सौंदर्य आणि श्रद्धा यांच्याविषयी बोललो. ते संपल्यावर दारात एका बाईंनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली आणि त्या गर्दीत निघून गेल्या. चिठ्ठीत एकच वाक्य होतं. 'सर, देवाचं रूप निसर्गात बघायला जायचं असेल, तर घरच्यांना बरोबर न्यायचं की घरीच ठेवायचं?'

(हशा)

मीही आधी हसलोच. मग घरी जाऊन चष्मा लावून पुन्हा वाचली, आणि लक्षात आलं की ज्या प्रश्नाला मी तीस-बत्तीस वर्षं वर्गात बगल दिली, तो हाच. आम्ही मुलांना सौंदर्याचा अनुभव शिकवला, धार्मिक अनुभव शिकवला. पण तो अनुभव घेणारा माणूस नेहमी एकटाच असायचा. त्याच्या शेजारी डबा उघडून बसलेली बायको नसायची, 'बाबा, शू आली' म्हणणारं पोर नसायचं. आमच्या पुस्तकांत असा माणूसच नव्हता.

म्हणून आज मी सिद्धांत मांडणार नाही. एक अभंग वाचणार आहे. तुकोबांचा. झाडं, वेली आणि रानातले जीव आमचे सोयरे आहेत, असं ज्यात म्हटलंय, तो. तो मी इथे म्हणून दाखवत नाही. तुम्हां सर्वांना पाठ आहे, आणि खरं सांगायचं तर पाठ असणं हीच त्याची अडचण झाली आहे. पाठ असलेल्या गोष्टी आपण वाचत नाही.

या अभंगाची दोन वाचनं आपल्याकडे रूढ आहेत. ती आधी बाजूला काढू.

पहिलं वाचन भिंतीवरचं. पाच जूनला पर्यावरण दिन येतो, जुलैत वनमहोत्सव येतो, आणि शाळेच्या भिंतीवर, रोपवाटिकेच्या फाटकावर अभंगाची पहिली ओळ रंगवली जाते. शेजारी हिरवं झाड काढतात. झाडं लावा, झाडं जगवा. हेतू चांगलाच आहे, माझी काही तक्रार नाही. पण या वाचनात अभंग पहिल्याच ओळीत संपतो. पुढची सगळी कडवी भिंतीवर मावत नाहीत म्हणून गळतात, आणि हळूहळू मनातूनही गळतात. शिवाय त्या वाचनात झाडं बिचारी होतात, आपण त्यांना वाचवणारे होतो. तुकोबांच्या अभंगात तसं नाही. तिथे उपकार कुणी केले असतील तर झाडांनी केलेत.

दुसरं वाचन कीर्तनातलं. महाराज संसाराला कंटाळले, डोंगरावर जाऊन बसले, माणसांपेक्षा झाडं बरी म्हणाले. या वाचनाला आधार आहे, नाही असं नाही. अभंगात एकांताचा शब्द स्पष्ट आहे. एकांतातलं राहणं गोड लागतं असं तुकोबा म्हणतात. मग झालं, निवाडा लागला. देव डोंगरावर, घर पायथ्याला. चिठ्ठीतल्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर 'घरीच ठेवा' असं मिळालं.

पण थांबा. आता शब्द बघू.

'सोयरे' म्हणजे कोण? आपण 'सगेसोयरे' असं एका दमात म्हणतो. मध्यंतरी या जोडशब्दावरून महाराष्ट्राचं राजकारण ढवळून निघालं, त्यामुळे त्याची व्याख्या आता कायद्याच्या अभ्यासकांनाही विचारावी लागेल. (हशा) पण आपल्या बोलण्यात फरक आहे. सगा रक्ताचा. तो जन्माने मिळतो, तुम्ही काही करा वा करू नका, तो तुमचा सगाच राहतो. सोयरा जोडावा लागतो. सोयरीक 'जमते' किंवा 'जमवतात', ती जन्मत नाही. दोन घरं एकमेकांना अनोळखी असतात, मग कुणी तरी पुढाकार घेतं, पाहायला जातं, पाहुणचार होतो, देणंघेणं होतं, आणि मग परका माणूस आपला होतो. जुन्या मराठीत 'सोयरा' हा शब्द पुष्कळदा 'आप्त', 'जिवलग' एवढ्या सैल अर्थानेही येतो, हे मला मान्य आहे. चोखोबांच्या बायकोचं नावच सोयराबाई होतं. म्हणून एका शब्दावर मी इमारत उभी करणार नाही. अभंगातले बाकीचे शब्द काय करतात ते बघू.

पुढे येतो मंडप. आभाळाचा. मग आसन, धरतीचं. मग भोजन. हे भोजन हरिकथेचं आहे, आणि ते साधं नाही. त्यात परवडी आहेत, प्रकार आहेत, म्हणजे पानात वेगवेगळे पदार्थ आहेत आणि ते चवीचवीने खायचे आहेत. पक्षी गोड गळ्याने गात आहेत.

आता मला सांगा, सोयरे जमलेत, मांडव पडलाय, बसायला आसन मांडलंय, गाणं चाललंय, पंगतीत तऱ्हेतऱ्हेचे पदार्थ वाढलेत. हे काय आहे? हे लग्नघर आहे!

एकांताचा म्हणून ओळखला जाणारा हा अभंग लग्नघराच्या भाषेत लिहिला आहे. कित्येक वर्षं मी हा अभंग शिकवला, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

यावर तुमच्यातला एखादा संस्कृत जाणणारा म्हणेल, सर, आभाळाचं छत आणि जमिनीचं अंथरूण ही तर वैराग्याच्या कवितेतली जुनीच सामग्री आहे. बरोबर. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात असा एक प्रसिद्ध श्लोक आहे. त्यात भूमी ही शय्या आहे, हात ही उशी आहे, आकाश हे छत आहे, वारा हा पंखा आहे, चंद्र हा दिवा आहे. आणि मुनी त्यात राजासारखा सुखाने झोपला आहे. सोबतीला बायकोही आहे, पण ती विरक्ती नावाची! फार सुंदर श्लोक आहे. तुकोबांच्या अभंगाशेजारी तो ठेवून बघा. छत दोन्हीकडे आहे. पण भर्तृहरीने राजाचं शयनगृह मांडलं आहे. त्या खोलीत एकच माणूस आहे, आणि तो झोपला आहे. तुकोबांनी मांडव घातला आहे. मांडवात कुणी एकटं झोपत नाही. मांडव असतो येणाऱ्यांसाठी.

बैराग्याचं सामान तुकोबांकडेही आहे, ते मी लपवत नाही. मध्येच गोधडी येते, कमंडलू येतो. देहाची सोय म्हणून. त्या एका कडव्यात लग्नघर थांबतं आणि साधू दिसतो. म्हणजे अभंगात दोन भाषा आहेत, त्यागाची आणि सोयरिकीची. भिंतीवरच्या वाचनाला यातली एकही दिसत नाही, कीर्तनातल्या वाचनाला पहिलीच तेवढी दिसते. चांगल्या वाचकाला दोन्ही दिसायला हव्यात, आणि त्यांनी एकमेकींना काय केलं आहे तेही.

काय केलं आहे? याचं उत्तर मला अभंगाच्या दुसऱ्या कडव्यात मिळतं. तिथे एकांत गोड लागतो असं म्हटल्याबरोबर पुढे म्हटलंय की इथे गुणदोष अंगाला लागत नाहीत. या गुणदोषांचा अर्थ वेदान्ताच्या अंगाने लावतात, तो मला ठाऊक आहे. पण आत्ताच आपण लग्नघरात शिरलो आहोत ना? मग लग्नघरातले गुणदोष आठवा. कुणाला मानाची साडी हलकी मिळाली. कुणाला आमंत्रण फोनवरून दिलं, घरी जाऊन दिलं नाही. पंगतीत कुणाच्या पानात जिलबी वाढायची राहिली. मुलीकडच्यांचं हे चुकलं, मुलाकडच्यांचं ते चुकलं. चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नातले रुसवे अजून ज्यांना तपशीलवार पाठ आहेत अशा मावश्या प्रत्येक घरात आहेत. (हशा) काकाही आहेत.

तुकोबांनी डोंगरावर लग्नघर नेलं, आणि त्यातून एकच गोष्ट वगळली. हिशेब. तिथले सोयरे रुसत नाहीत, नावं ठेवत नाहीत, आपण त्यांना नावं ठेवत नाही. नातं तेच, मानपान नाही. मला वाटतं, हा एकांत माणसांचा अभाव नाहीच. तो गुणदोषांचा अभाव आहे. जिथे कुणी कुणाला मोजत नाही तिथे माणूस खऱ्या अर्थाने मोकळा बसतो, मग भोवती दहा जण असले तरी चालतं. म्हणून तर शेवटच्या कडव्यात तुकोबांचा स्वतःच्या मनाशी संवाद सुरू होतो, स्वतःचा स्वतःशी वाद होतो. दुसऱ्याचे दोष मोजणं थांबल्याशिवाय हा वाद सुरूच होत नाही.

आता हे 'लग्नघर' मी पदरचं घुसवतोय का, ही शंका मलाही आली. म्हणून मी ज्ञानेश्वरीकडे वळलो. गीतेचा दहावा आणि अकरावा अध्याय बघा. सृष्टीतलं देवाचं रूप, हाच या दोन अध्यायांचा विषय. दहाव्यात अर्जुन विचारतो, तुला कुठे कुठे पाहू? आणि भगवान यादी देतात. वृक्षांत पिंपळ, स्थावरांत हिमालय, प्रवाहांत गंगा, महिन्यांत मार्गशीर्ष, ऋतूंत वसंत. थोडं विनोदाने सांगतो, हा अध्याय पर्यटकाला फार सोयीचा. यादी हातात आली की निघायचं. पण अर्जुनाचं यादीवर भागत नाही. तो म्हणतो, सगळं एकदम दाखव. अकराव्यात ते दाखवलं जातं, आणि अर्जुन घाबरतो. लक्षात घ्या, विश्वरूप बघून तो आनंदाने नाचत नाही. त्याला दिशा सुचत नाहीत, धीर सुटतो. आणि त्या भीतीत तो कशाचा आधार घेतो? नात्यांचा. बाप मुलाचं, मित्र मित्राचं, प्रियकर प्रियेचं जसं सोसतो तसं माझं सोस, अशी तो विनवणी करतो. आणि म्हणतो, ते तुझं ओळखीचं रूप परत आण. ते सौम्य माणूसरूप दिसतं तेव्हा कुठे त्याचं मन ठिकाणावर येतं.

या अकराव्या अध्यायाचं दार ज्ञानेश्वर कसं उघडतात? शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, हा कवी म्हणतो की शांतरसाच्या घरी अद्भुतरस पाहुणा म्हणून आला आहे, आणि त्याच्यामुळे बाकीच्या रसांनाही पंगतीचा मान मिळाला आहे. आणि लगेच दाखला देतात तो वधूवरांच्या मिळणीचा. लग्न असतं दोघांचं, पण वऱ्हाडालाही कपडेदागिने मिळतात, तसं. बघा! सगळ्या विश्वाचं भयचकित करणारं दर्शन पुढे यायचंय, आणि ज्ञानेश्वर आपल्याला आधी लग्नघरात नेऊन बसवतात. घर, पाहुणा, पंगत, वऱ्हाड. तुकोबांनी ज्ञानेश्वरांचं उचललं असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की मराठीत देवाचं विराट रूप बघायचं म्हटलं की कवी घरगुती भाषेकडे वळतात. हा भोळेपणा नाही. विराट एकट्याला पेलत नाही, हे त्यांना कळलेलं आहे.

माझ्या स्वतःच्या विषयाकडे येतो. आमचा कांट. त्याचा सौंदर्यविषयक ग्रंथ १७९० चा. त्यात एका ठिकाणी तो म्हणतो की निसर्गसौंदर्याची मनापासून ओढ असणं हे चांगल्या आत्म्याचं लक्षण आहे. फार मोठी गोष्ट आहे ही. पण ते सांगताना त्याने जो माणूस कल्पिला आहे तो बघा. तो एकटा रानफुलाकडे, पाखराकडे, किड्याकडे पाहतो आहे, आणि जे पाहिलं ते दुसऱ्या कुणाला सांगावं असंही त्याच्या मनात नाही. रा. भा. पाटणकरांनी १९७४ च्या 'सौंदर्यमीमांसे'त सौंदर्यविचाराच्या दोन परंपरा सांगितल्या. सौंदर्य आपल्या रोजच्या व्यवहारापासून वेगळं मानणारी ती अलौकिकतावादी, आणि त्या व्यवहाराशी जोडणारी ती लौकिकतावादी. मी तरुणपणी पक्का पहिल्या बाजूचा होतो. सौंदर्य बघायचं तर संसाराची पादत्राणं बाहेर काढून आत यायचं. तुकोबांचा अभंग या दोन्ही कप्प्यांत मावत नाही. अनुभव अलौकिक आहे, आणि तो सांगायला लागणारे सगळे शब्द लौकिकातले, अगदी चुलीपर्यंतचे आहेत.

चुलीचा विषय निघालाच आहे, तर अभंगाला एक कठीण प्रश्नही विचारला पाहिजे. टीका करायची तर आवडत्या कवीवरही करायची. अभंगात भोजन आहे, ते हरिकथेचं. पण खरी भाकरी कुठून यायची? परंपरा सांगते की ती जिजाबाई घेऊन यायची. भंडारा डोंगर चढून, उन्हातान्हात, काट्यांतून. तिच्या पायात काटा रुतला आणि तो विठ्ठलाने काढला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. अभंगातल्या मांडवात झाडं आहेत, वेली आहेत, पाखरं आहेत, जिजाबाई नाही. ही उणीव मी झाकणार नाही. प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम'मध्ये दामले आणि फत्तेलाल यांनी जिजाईला भरपूर जागा दिली, गौरीबाईंनी ती भूमिका जमिनीवर पाय रोवून केली, आणि मला वाटतं तो चित्रपट अजून टिकला आहे तो यामुळेही. आपल्या लोकपरंपरेने आणि त्या चित्रपटाने अभंगातली रिकामी जागा ओळखली आणि तिथे एक बाई आणून बसवली.

पण तुकोबांवर 'घर सोडलं' हा आरोप करताना जरा सावकाश. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ हा इतिहास आहे. त्या दुष्काळात आपलं द्रव्य गेलं, मान गेला, आणि एक बायको अन्नासाठी आकांत करत मेली, हे तुकोबांनी स्वतःच एका अभंगात सांगितलं आहे. हा सोयऱ्यांचा अभंग त्याआधीचा की नंतरचा, यावर मी बोलत नाही. कविता म्हणजे रोजनिशी नव्हे. पण ज्याच्या घरात अन्न अन्न करत माणूस गेलं, तो कवी देवाच्या भेटीचं चित्र काढताना पंगत काढतो, भरलेलं पान काढतो, हे माझ्याच्याने नजरेआड करवत नाही. घर सोडून गेलेल्या माणसाची ही भाषा मला वाटत नाही. घर मनातून न गेलेल्या माणसाची वाटते.

आता थोडं स्वतःविषयी. एरवी मी हे टाळतो. पण चिठ्ठी खाजगी होती, तर उत्तरही थोडं खाजगी द्यायला हवं.

१९८६ चा श्रावण. आम्ही तिघं भंडारा डोंगरावर गेलो होतो. देहूपर्यंत एसटी, पुढे चालत. मुलगा आठ वर्षांचा. हिने धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा घेतला होता. माझ्या शबनममध्ये गाथा होती, कारण मला त्या जागी बसून हाच अभंग वाचायचा होता. वर कातळात लहानशी लेणी आहेत. मुलाला शोध लागला की आत तोंड करून 'ओ' म्हटलं की आवाज घुमतो. तो ओरडत सुटला. मी एका दगडावर बसून इंद्रायणीकडे बघत होतो. कांटचा माणूस! तीन-चारदा मी सोसलं, मग त्याच्या अंगावर ओरडलो. 'गप्प बस! इथे तरी शांतता राहू दे.' तो गप्प बसला. उरलेला सगळा वेळ आमच्याकडे पाठ करून बसला.

ही काही बोलली नाही. डबा उघडला, वाढलं. आणि धपाटं माझ्या हातात देताना म्हणाली, 'तुम्हाला झाडं सोयरी चालतात. पोर मात्र चालत नाही.'

मित्रहो, या अभंगावर मी पुष्कळ टीकाकारांचं लेखन वाचलं आहे. एवढी नेमकी टीका कुणी केलेली नाही. मी डोंगरावर जाताना सगळं वजा केलं होतं, फक्त गुणदोष तेवढे बरोबर नेले होते.

त्याच दिवशीची आणखी एक गोष्ट. आभाळ स्वच्छ होतं. ही एकाएकी म्हणाली, 'वारा फिरला. उठा, सर येईल आता.' ती खेड्यात वाढलेली. मी म्हटलं, ढगसुद्धा नाहीये. दहा मिनिटांत आम्ही तिघंही चिंब. पिशवीतली गाथा तिने पदराखाली धरली आणि हसत म्हणाली, 'असू द्या, हिला पाण्याची सवय आहे.'

(हशा)

अभंगात वाऱ्याचं एक कडवं आहे. वारा अवसर जाणवून देतो, म्हणजे कोणती वेळ झाली, आता काय करायची घडी आहे, ते सांगतो. मी ते वर्गात 'चेतनगुणोक्ती अलंकार' म्हणून शिकवायचो, परीक्षेत दोन गुणांना. माझी बायको तो वारा वाचत होती. तिच्यासाठी तो अलंकार नव्हता. सोयरा होता, आणि सोयऱ्याने निरोप पाठवला होता.

आता या सगळ्याची मोट बांधतो. मघाशी मी म्हटलं, सगा जन्माने मिळतो, सोयरा जोडावा लागतो. आपली चूक कुठे होते? घरातल्या माणसांना आपण सगे समजून सोडून देतो. ते आहेतच, कुठे जाणार? त्यांच्याकडे पाहायला जात नाही, त्यांची विचारपूस करत नाही, एकाच छपराखाली वर्षानुवर्षं अनोळखी राहतो. आणि निसर्गाकडे जातो ते पाहुण्यासारखंही नाही, गिऱ्हाइकासारखं. शनिवार-रविवारची खोली राखून ठेवली, धबधब्यापुढे चौघांनी फोटो काढला, चौघंही गाडीत बसून आपापल्या फोनमध्ये गेले. तिथे निसर्गही भेटला नाही आणि घरही भेटलं नाही. सोयरीक जमायला येणंजाणं लागतं, वेळ लागतो, आणि समोरच्याचे गुणदोष मोजणं काही वेळ तरी थांबवावं लागतं. झाडाच्या बाबतीत हे सोपं आहे, झाड उलट बोलत नाही. पोराच्या बाबतीत अवघड आहे. म्हणून माझ्या मते झाड हा पहिला धडा, घर हा पुढचा. धडा डोंगरावर शिकायचा आणि घरी वापरायचा. पहिल्याच धड्यावर जो थांबला त्याला देव अर्धाच दिसला.

यात एक धोका आहे, तो सांगितला पाहिजे. कुटुंब म्हटलं की सगळं गोड, असं मी म्हणत नाही. काही घरांत गुणदोषांपेक्षा भयंकर गोष्टी असतात, आणि तिथून बाहेर पडलेल्या माणसाला डोंगरच घर होतो. त्याच्यासाठी हाच अभंग वेगळा वाचावा लागेल, आणि अभंग तेवढी जागा देतो. म्हणून तर झाडांना सोयरे म्हटलं आहे, ज्याला सगे उरले नाहीत त्यालाही सोयरे जोडता येतात.

ही जाऊन आता सहा वर्षं झाली. गेल्या श्रावणात मुलगा बंगळुरूहून आला होता, त्याची सात वर्षांची मुलगी बरोबर. तिघं भंडाऱ्यावर गेलो. आता गाडी वरपर्यंत जाते, माझ्या गुडघ्यांना ते बरंच आहे. खाली नदीच्या पलीकडे कारखाने दिसतात, तेही आता त्या दृश्याचा भाग आहेत. धपाटी विकतची होती. नातीला लेण्यापाशी नेलं, आणि तिला दोन मिनिटांत तोच शोध लागला. 'ओ!' पुन्हा 'ओ!'

मुलाने माझ्याकडे पाहिलं. त्याला काय आठवत होतं, मी विचारलं नाही. मी काठी टेकत उठलो, लेण्याच्या तोंडाशी गेलो आणि मीही एक 'ओ' दिली. माझा आवाज आता फार घुमत नाही. नात म्हणाली, 'आजोबा, अजून जोरात.'

मग बराच वेळ बसलो. नात माझ्या मांडीवर डोकं ठेवून मुंग्यांची रांग बघत होती. मी कशाकडे बघत होतो, ते नीट सांगता येणार नाही, आणि इथे तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक म्हणून मला गप्प बसू द्या. तेवढ्यात मुलगा म्हणाला, 'बाबा, वारा फिरलाय. उठा.'

हे तो कुणाकडून शिकला ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी तो आमच्याकडे पाठ करून बसला होता, पण ऐकत होता.

चिठ्ठी देणाऱ्या बाई आज इथे असतील, किंवा घरी बसून ऐकत असतील. बाई, घरच्यांना बरोबर न्या. डबा न्या. हिशेब तेवढा घरी ठेवा. आणि घरचे नाहीच आले, तर एकट्या जा, पण परत आल्यावर काय पाहिलं ते कुणाला तरी सांगा. कांटच्या त्या माणसासारखं मनात ठेवू नका.

पुढच्या वेळी ज्ञानेश्वरीचा अकरावा अध्याय थोडा सविस्तर घेऊ.  आता प्रश्न विचारा, चिठ्ठ्याही चालतील. नमस्कार.